पान उशिरा सांगतं: घरातल्या रुंद पानांच्या झाडांच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

मैत्रिणीने घर बदललं आणि तिचा मॉन्स्टेरा, मोठ्या चिरलेल्या पानांची वेल, आज आमच्याकडे आला. चार पानं. खालची दोन पिवळट, तिसऱ्याला जेमतेम दोन चिरा, आणि सगळ्यात नवं पान तळहाताएवढं, एकही चीर नसलेलं. झाड वाढत जाईल तसं पान मोठं व्हायला हवं, इथे लहान होत गेलंय. कुंडी उचलली तर भलतीच जड. आठवडाभर पाणी दिलं नाही असं ती म्हणाली, तरी माती गार, ओलीचिंब, आणि आंबूस वासाची.

कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत दोऱ्याएवढा तंतू उरला. दुसरं, तिसरं, सगळी तशीच. ही मूळकूज. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी असतं, दाबलं की कडक लागतं. अशी फक्त चार मिळाली. बाकी सगळी स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापून टाकली.

कुंडीच्या तळाला चार बोटं खडे भरलेले होते. निचरा चांगला व्हावा म्हणून बहुतेक जण भरतात, मीही भरायचे. पण बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते खड्यांच्या वरच अडून राहतं. म्हणजे पाण्याने गच्च राहणारा थर तेवढाच राहतो, फक्त चार बोटं वर सरकतो, आणि मुळांना मोकळा हवेशीर भाग कमी पडतो. भोक हवं, खडे नकोत.

आजपासून वही घातली. याआधी माझी दोन झाडं गेली आणि दोन्ही वेळा नेमकं काय आणि कधी चुकलं ते सांगता आलं नाही. आता या खोलीतल्या चारही झाडांचं लिहायचं: मॉन्स्टेरा, कॅलाथिया, अलोकेशिया आणि मनी प्लांट. कुंडीचं वजन, उजेड, पाणी दिलं की नाही, पानांवर काय दिसलं. कारणं नंतर शोधू, आधी तारखा हव्यात.

१३ जानेवारी

मिश्रण: पाइनच्या सालीचे तुकडे दोन भाग, कोकोपीट दोन भाग, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) एक भाग, मूठभर कोळसा. कोकोपीट आधी तीनदा धुऊन घेतलं, त्यात बरेचदा क्षार असतात. कुंडी आधीच्यापेक्षा लहान, १८ सेंटीमीटर तोंडाची. चार मुळांना मोठ्या कुंडीत टाकलं तर ती पिऊ शकणार नाहीत एवढं पाणी भोवती साठून राहील.

एकदा भरपूर पाणी देऊन पूर्ण निथळू दिलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं: २,८४० ग्रॅम. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहिला.

२० जानेवारी

उजेड मोजला. मोबाइलवरचं ल‌क्स मोजायचं ॲप, अचूक नसेल पण तुलनेला पुरतं. सकाळी ११ वाजता खिडकीच्या कठड्यावर ४,२०० लक्स. खिडकीपासून १ मीटर आत १,१०० लक्स. अडीच मीटरवरच्या कोपऱ्यात १८०.

तो कोपरा माझ्या डोळ्यांना चांगला उजेडाचा वाटतो. मी तिथे दिवा न लावता वाचते. पण बाहुली अंधारात मोठी होते, मेंदू उरलेलं सांभाळून घेतो, त्यामुळे डोळ्यांना ४,२०० आणि १८० यांतला फरक एवढा मोठा वाटतच नाही. उघड्यावरच्या भर उन्हात सुमारे १ लाख लक्स असतात. त्या मानाने खिडकीही सावलीच म्हणायची, आणि कोपऱ्यात झाड जेमतेम तग धरतं, वाढत नाही.

मैत्रिणीकडे मॉन्स्टेरा अशाच कोपऱ्यात होता. "हे सावलीतलं झाड ना?" असं तिने विचारलं होतं. या गैरसमजाला मुळात थोडा आधार आहे. मॉन्स्टेराचं मूळ रान मेक्सिकोच्या दक्षिणेपासून पनामापर्यंतचं. त्याच कुळातल्या एका वेलीचं रोप बी रुजल्यावर उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरपटतं, हे डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांनी कोस्टा रिकाच्या जंगलात पाहिलं आणि १९७५ साली प्रसिद्ध केलं. कारण सगळ्यात गडद सावली असते ती मोठ्या झाडाच्या बुंध्याची. बुंधा सापडला की वेल त्याला धरून वर चढते, वरच्या उजेडात पोहोचते, आणि मग तिची पानं मोठी होतात. म्हणजे सावलीतून ती वाट काढते, मुक्काम मात्र उजेडात करते.

मॉन्स्टेरा खिडकीपासून हातभर आत ठेवला, थेट ऊन पानावर पडणार नाही अशा बेताने. कॅलाथिया १ मीटरवर. कोपरा रिकामा केला.

२ फेब्रुवारी

मॉन्स्टेराचं वजन २,५२०. पाणी नाही.

पानं मान टाकून आहेत. आई दोनदा येऊन बघून गेली. "अगं, घाल की त्याला घोटभर पाणी, किती मलूल झालंय!" मी म्हटलं, "आई, त्याला तहान नाहीये, प्यायला तोंडच उरलेलं नाही." तिला पटलं नाही, मलाही झाड तसं बघवत नाही. पण मिश्रण आत अजून गार आहे. मुळं कमी म्हणून पानं लोंबतात, त्यात पाणी ओतलं तर उरलेली चार मुळंही गुदमरतील. जास्त पाण्याने आणि कमी पाण्याने झाड दिसतं अगदी सारखंच, हीच यातली खरी अडचण. पानाकडे बघून ठरवायचं नाही, कुंडी उचलून ठरवायचं.

२२ फेब्रुवारी

२,१५० ग्रॅम. लाकडी काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढली, टोकाला किंचित ओल, चिखल नाही. आज पाणी दिलं, पहिलं. मधे ४० दिवस गेले.

शेतीत याला नेमका शब्द आहे, वाफसा. पाणी दिल्यानंतर जमीन लगेच कामाची नसते. जादा पाणी निघून जावं, मातीच्या कणांभोवती ओल राहावी आणि कणांमधल्या पोकळीत हवा शिरावी, ती अवस्था म्हणजे वाफसा. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहिल्या की प्राणवायू मिळत नाही, मुळं मरतात, आणि पाण्यात पसरणाऱ्या पिथियमसारख्या बुरशीवजा जीवांचं फावतं. कुंडीत खरं तर आपण पाणी सांभाळत नाही, वाफसा सांभाळतो. साल आणि परलाइट घालायचे ते एवढ्याचसाठी.

"आठवड्यातून दोनदा पाणी" हे वाक्य मी वहीतून काढून टाकलं.

२७ फेब्रुवारी

मॉन्स्टेराच्या नव्या पानाची सुरळी उलगडली. गेले दहा दिवस रोज सकाळी आधी तिच्याकडे जात होते. उघडली तर पान लहानच, एका कडेला तपकिरी चट्टा, आणि चीर एकही नाही.

दिवसभर वाईट वाटलं. माती बदलली, उजेड दिला, पाणी मोजलं, आणि हे काय? संध्याकाळी शांतपणे वाचलं आणि उलगडा झाला. मॉन्स्टेराच्या पानाची भोकं आणि चिरा पान उघडल्यावर फाटून होत नाहीत. पान कोंबात घट्ट मिटलेलं, अगदी इवलंसं असतानाच ठरलेल्या जागच्या पेशी आपणहून मरतात, आणि पुढे पान वाढतं तशी ती जागा भोक म्हणून मोठी होते. मॉन्स्टेरा ऑब्लिकावर झालेल्या २००५ सालच्या अभ्यासात ही नियोजित पेशीमृत्यूची प्रक्रिया दाखवली आहे. म्हणजे आज उघडलेल्या पानाचा आराखडा ठरला तेव्हा हे झाड त्या कोपऱ्यात, सडलेल्या मुळांवर उभं होतं. आजचं पान मला डिसेंबरची हकीकत सांगतंय.

हे वहीच्या पहिल्या पानावर वजनाखाली लिहिलं: पान उशिरा सांगतं. मी आज जे करते आहे त्याचं उत्तर एप्रिल-मेमध्ये येईल.

चट्टा पडलेलं पान कापलं नाही. हिरवा भाग आहे तोवर ते झाडासाठी काम करतंय.

११ मार्च

कॅलाथिया. पानांच्या कडा कुरकुरीत, तपकिरी. सगळे सांगतात तसं रोज दोनदा पाण्याचा फवारा मारत होते. आज आर्द्रतामापक पानांशेजारी ठेवून बघितलं. आधी ३६ टक्के. फवारल्यावर ५२. बारा मिनिटांत पुन्हा ३७. दिवसाची १,४४० मिनिटं, त्यातली बारा-बारा करून चोवीस. फवारा बंद. त्याऐवजी लहान ह्युमिडिफायर दिवसा लावला आणि झाडं जवळजवळ ठेवली. चार तासांनी ५५ वर स्थिर.

पण कडांचं कारण फक्त हवा नसावी. मापकाने नळाचं पाणी तपासलं, विरघळलेले क्षार ३८० पीपीएम. कॅलाथिया क्षार आणि फ्लोराइडला नाजूक. पाणी मुळांतून वर चढतं, पानाच्या कडेला जाऊन उडून जातं, आणि क्षार तिथेच साठत राहतात, म्हणून आधी कडा जळते. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतं, क्षार जात नाहीत. उकळून तर पाणी आटतं आणि असे बरेचसे क्षार उलट दाट होतात. आजपासून या एका झाडाला आरओचं पाणी, आणि खत अगदी पातळ, कारण त्या पाण्यात स्वतःचं काहीच नसतं.

जळलेली कड पुन्हा हिरवी होणार नाही. नवी पानं काय म्हणतात ते बघायचं.

१२ मार्च

काल रात्रीचं लिहायचं राहिलं. साडेआठच्या सुमारास खोलीत दिवा बंद करून बसले होते आणि कागद चुरगळल्यासारखा अगदी बारीक आवाज आला. मग पुन्हा. कॅलाथियाची पानं वर उठत होती आणि एकमेकांना घासत होती. देठ पानाला मिळतो तिथे एक फुगीर सांधा असतो, बोट फिरवलं की गाठीसारखा लागतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरतं, दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या होतात, आणि अख्खं पान वळतं. रात्री उभं, सकाळी पुन्हा आडवं. टॉर्च लावून मुलीला दाखवलं. पानांची खालची जांभळी बाजू सगळीकडून दिसत होती. ती म्हणाली, "आई, हे आता झोपलं का?" मी हो म्हटलं.

(वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने घरात ठेवतो त्या बहुतेक कॅलाथिया २०१२ सालच्या अभ्यासानंतर गोएपर्शिया या प्रजातीत गेल्या आहेत. वहीत मी कॅलाथियाच लिहीत राहणार.)

२४ मार्च

कॅलाथियाच्या कुंडीवर बारीक काळी चिलटं. आर्द्रता वाढवण्याच्या नादात मी मातीही कायम ओली ठेवली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिलटं अंडी घालतात ती वरच्या ओल्या थरात, अळ्या तिथेच कुजलेलं आणि बारीक मुळं खातात. गेल्या आठवड्यात पिवळा चिकट कागद लावला. पण त्यावर सापडतात ती उडणारी, मातीतल्या अळ्या तशाच राहतात. म्हणून पाण्यातून बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हा जीवाणू, दर आठवड्याला. आणि पाणी खालून, बशीत ठेवून, म्हणजे वरचे दोन बोटं कोरडे राहतील.

पहिल्या आठवड्यात कागदावर ३१. अंड्यापासून चिलटापर्यंतचं चक्र तीन-चार आठवड्यांचं असतं, तेव्हा महिनाभर तरी थांबायचं नाही.

२७ मार्च

अलोकेशियाचं जुनं पान थोडं निस्तेज. धूळ असेल. पुसून घेतलं.

६ एप्रिल

मॉन्स्टेरा आता दिवसाला ४८ ग्रॅम पितोय, जानेवारीत १६ होते. जमिनीखालचं मला काही दिसत नाही, पण हा आकडा मुळांचाच आहे. खत सुरू केलं: नत्र, स्फुरद, पालाश ३:१:२ या प्रमाणातलं, पुड्यावर सांगितलंय त्याच्या चौथ्या हिश्शाने, दर तिसऱ्या पाण्याला. आजारी मुळांना खत देऊ नये म्हणून एवढे दिवस थांबले होते.

१९ एप्रिल

अलोकेशियाला लाल कोळी. चूक माझी.

एसी सुरू झाल्यापासून त्याचा कोरडा झोत थेट या झाडावर येत होता आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. आज सकाळी तिरप्या उन्हात पानाच्या आणि देठाच्या बेचक्यात जाळं चमकलं. पान पांढऱ्या कागदावर धरून टिचकी मारली. कागदावर ठिपके पडले, पावडरसारखे. मी श्वास रोखून बघत राहिले, आणि दहा-बारा सेकंदांनी त्यातले काही चालायला लागले. दहापट भिंगाखाली प्रत्येकाच्या अंगावर दोन बाजूंना दोन गडद डाग. हे दोन ठिपक्यांचे कोळी, लांबीला अर्धा मिलिमीटरसुद्धा नाहीत. पानाच्या खालच्या बाजूला बसून एकेक पेशी शोषतात, वरून फक्त बारीक फिकट टिंब दिसतात.

वही मागे उलटली. २७ मार्च: "थोडं निस्तेज. धूळ असेल." ती धूळ नव्हती. उबदार, कोरड्या हवेत यांची अंड्यापासून प्रौढापर्यंतची पिढी आठवडाभरात तयार होते. म्हणजे माझ्या त्या नोंदीपासून आजपर्यंत तीन पिढ्या झाल्या. त्या दिवशी पान फक्त उलटून बघितलं असतं तरी पुरलं असतं.

केलं ते असं. झाड वेगळ्या खोलीत. नळाखाली पानं, खालची बाजू आधी, बोटांनी चोळून धुतली. मग पोटॅशियम साबणाचं बागेसाठीचं द्रावण, एका पानावर एक दिवस तपासून दुसऱ्या दिवशी सगळीकडे. अंड्यांवर साबणाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दर पाच दिवसांनी, चार वेळा. तारखा वहीत आधीच आखून ठेवल्या, कारण दुसऱ्या फवारणीनंतर झाड चांगलं दिसायला लागतं आणि आपण थांबतो.

बाकी तिन्ही झाडांची पानं उलटून बघितली. मनी प्लांटवर दोन-चार सापडले. त्यालाही तेच.

३० एप्रिल

चिलटं या आठवड्यात ४. कॅलाथियाचं नवं पान, कड पूर्ण हिरवी.

१० मे

अलोकेशियाची तीन पानं गेली, एक उरलं. कोळी नाहीत, पण झाडाने हात टेकल्यासारखं वाटतं. माती उकरली तर मुळांच्या घोळक्यात गोट्यांएवढे पाच तपकिरी कंद. हे झाडाचे राखीव. आई-झाड मरतं तेव्हाही यातून नवं उभं राहतं. दोन काढून वरचं कठीण टरफल सोललं आणि ओल्या स्फॅग्नम मॉसमध्ये (ओल धरून ठेवणारं शेवाळ), झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवले. तीन आई-झाडाजवळच राहू दिले.

झाकणाच्या डब्याची युक्ती जुनी आहे. लंडनमधले डॉक्टर नथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली एका बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता, आणि बाटलीतल्या ओल्या मातीत आपोआप नेचं उगवलं. बाहेरच्या धुरकट हवेत त्यांची नेची जगत नव्हती, बाटलीत जगलं. त्यातून काचेच्या बंद पेट्या आल्या, आणि महिनोन्‌महिन्यांच्या सागरी प्रवासात झाडं जिवंत न्यायची सोय झाली. आपल्या खोल्यांमध्ये जगभरची झाडं आली त्यात त्या पेट्यांचा मोठा वाटा आहे. डब्याच्या झाकणावर आत थेंब जमलेत, ते बघताना हे आठवलं.

२६ मे

मॉन्स्टेराला मॉसचा खांब. खोडाकडे नीट पाहिलं तर त्याला पुढची आणि मागची बाजू असते: पानं एकीकडे, हवेतली मुळं दुसरीकडे. मुळांची बाजू खांबाला लावायची. बांधायचं ते खोड, पानाचे देठ मोकळे, कारण देठ उजेडाकडे वळत राहतात. दोन हवाई मुळं मॉसवर टेकतील अशी वळवली. मॉस ओलं राहिलं तरच ती आत शिरतात, कोरडा खांब म्हणजे नुसती काठी.

चढायला मिळालं की या कुळातल्या वेली पानांचं माप बदलतात. मनी प्लांट हे याचं सगळ्यांना दिसणारं उदाहरण. मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा. टांगलेल्या कुंडीतून खाली सोडला की पान लहान लहान होत जातं, आणि तोच वेल उघड्यावर मोठ्या झाडावर चढला की हातभर लांबीची, कडांना चिरलेली पानं येतात. माझ्या मनी प्लांटलाही आज एक फळी दिली.

१४ जून

मॉन्स्टेराचं पान, जानेवारीपासूनचं तिसरं. रुंदी ३१ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना मिळून सहा चिरा, मधल्या शिरेजवळ एक लहान भोक.

उघडायला पाच दिवस लागले. सुरळी आधी टोकाकडून सैल झाली, मग एका रात्रीत अर्धी. रंग इतका फिकट पोपटी की मागचा उजेड आरपार येत होता, आणि हाताला ओल्या कापडासारखं मऊ. या काळात हात लावू नये, घडी पडली की ती कायमची. सकाळी टोकाला पाण्याचा एक थेंब लटकत होता. मुळं रात्रीही पाणी वर ढकलतात आणि पान ते कडेच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर सोडतं. जानेवारीत या झाडाच्या पानावर असा थेंब एकदाही दिसला नव्हता.

चिरा कशासाठी, यावर ख्रिस्तोफर म्युअर यांनी २०१३ साली मांडलेली कल्पना मला पटते. जंगलाच्या तळाला ऊन कवडशांनीच येतं. तेवढ्याच पेशींचं पान भोकं ठेवून जास्त जागेवर पसरलं तर कवडसा सापडण्याची खात्री वाढते. एकूण ऊन तेवढंच, पण रोजचं उत्पन्न बेभरवशाचं राहत नाही.

आईने पान बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं पाणी घातलं नाहीस." मला फार बरं वाटलं.

३ जुलै

मैत्रिणीला तिच्या झाडाचा भाग परत द्यायचा आहे. खालून कापणी घेतली. पेर, त्यावरचा डोळा, एक हवाई मूळ आणि एक पान. डोळा सगळ्यात महत्त्वाचा. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर कधी कधी मुळं फुटतात, पान महिनोन्‌महिने हिरवं राहतं, पण त्यातून झाड होत नाही, कारण नवा कोंब फुटायला डोळाच नसतो. काप एक दिवस सुकू दिला, मग ओल्या मॉसमध्ये.

हातमोजे घातले होते. मॉन्स्टेरा, अलोकेशिया, मनी प्लांट, डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, ही सगळी अळूच्या कुळातली. यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की जीभ आणि घसा जळजळतो, सुजतो. त्वचेला खाज येते, डोळ्यात गेलं तर फार त्रास होतो. मुलीला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आज चीक दाखवून पुन्हा सांगितलं. रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात ही झाडं उंचावरच हवीत. मैत्रिणीला देताना हे लिहून द्यायचं, तिच्याकडे मांजर आहे.

२२ जुलै

शेजारच्या काकू खोली बघायला आल्या. "एवढी झाडं म्हणजे हवा अगदी शुद्ध होत असेल गं." मी त्यांना खरं काय ते सांगितलं. नासाचा तो प्रसिद्ध अभ्यास १९८९ सालचा, लहान बंद कक्षांमध्ये केलेला. घर बंद कक्ष नसतं. अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब २०१९ साली मांडला गेला, तेव्हा दिसलं की इमारतीत एरवीच होणाऱ्या हवेच्या येण्याजाण्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. खिडकी उघडणं त्यापेक्षा कितीतरी सोपं. काकू जरा हिरमुसल्या. मग मी त्यांना संध्याकाळी साडेआठला परत बोलावलं, कॅलाथिया ऐकायला. त्या आल्या, आणि दिवा लावू दिला नाही.

९ ऑगस्ट

मॉन्स्टेराच्या कुंडीच्या कडेला पांढरा थर. खताचे क्षार. कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओतून तळातून वाहू दिलं. दर दोन महिन्यांनी करायचं.

डब्यातल्या एका कंदाला कोंब. दुसरा मऊ पडला, काढून टाकला.

३० ऑगस्ट

मैत्रीण येऊन कापणी घेऊन गेली. मुळं बोटभर लांब, डोळा फुगून हिरवा कोंब बाहेर आलेला. तिने तेच विचारलं जे मी सहा महिन्यांपूर्वी विचारलं असतं: "किती दिवसांनी पाणी घालू?" मी तिला कुंडी निथळल्यावर काट्यावर ठेवून दाखवली, ९१० ग्रॅम, आणि कुंडीला चिठ्ठी लावली: ७०० होईपर्यंत थांब. खिडकीजवळ. महिन्यातून चारदा पानं उलटून बघ. पहिलं पान लहान आलं तर घाबरू नकोस, ते माझ्या घरचं असेल.

अलोकेशियाच्या कंदाचं पहिलं पान, नखाएवढं. खालची बाजू भिंगाने पाहिली, स्वच्छ.

मॉन्स्टेरा २,३९० ग्रॅम. पाणी नाही.